ओढ्याच्या पाण्यामुळे जमिनीत निकेल-क्रोमियम. गव्हाची रोपं तिसऱ्या पानावर खुंटतात, काय करावं?

ओढाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अडीच एकर मध्यम काळी जमीन आहे. वरच्या अंगाला औद्योगिक वसाहत, तिथे प्लेटिंगची (धातूला मुलामा देण्याची) कामं चालतात आणि सांडपाणी ओढ्याला मिळतं. रब्बीला बरीच वर्षं याच ओढ्यावरून उपसा होतो. विहीर आहे, पण तिचं पाणी दोन, फार तर तीन पाळ्यांना पुरतं.

गहू (लोक-१) पेरल्यावर उगवण चांगली होते, दहा-बारा दिवस काही जाणवत नाही. तिसरं पान निघता निघता पानांवर उभे फिकट-पांढरट पट्टे दिसायला लागतात आणि रोप जागच्या जागी थांबतं. उपटून पाहिलं तर मुळं आखूड, जाडसर, तपकिरी, टोकं बोथट, केसमुळं जवळजवळ नाहीतच. पाट शेतात शिरतो तिथल्या आठ-दहा साऱ्यांत सगळ्यात वाईट, शेवटाकडे बरंच ठीक.

पाटाच्या तोंडाजवळच्या मातीचा अहवाल (० ते १५ सेंमी): सामू ८.१, ईसी (क्षारांचं माप) ०.९ डेसिसायमन प्रति मीटर, सेंद्रिय कर्ब ०.५२ टक्के. डीटीपीए पद्धतीने (म्हणजे पिकाला मिळू शकणारा भाग) निकेल ७.४, जस्त ९.६, तांबं ११, शिसं २.१, कॅडमियम ०.१२ मिलिग्रॅम प्रति किलो. एकूण क्रोमियम २१०.

कोणी चुना सांगतं, कोणी झिंक सल्फेट, कोणी सिलिकॉन, कोणी ह्युमिक. नक्की काय करायचं? बियाण्याला काही प्रक्रिया करून रोप पहिल्या तीन आठवड्यांत तग धरेल का? आणि पीक हाती आलं तरी ते खाण्याजोगं असेल का?

मृदापरीक्षक

आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण त्यातच पैसा वाया जातो.

चुना नको. चुन्याचा सल्ला आम्लधर्मी जमिनीसाठी असतो. सामू ६.५ च्या खाली गेला की कॅडमियम, निकेल, जस्त पाण्यात सुटायला लागतात, म्हणून तिथे चुना टाकून सामू वर आणतात. तुमचा सामू आधीच ८.१ आहे. त्यावर चुना टाकून धातू आणखी बांधले जाणार नाहीत, लोह मात्र पिकाला मिळेनासं होईल.

झिंक सल्फेटही नको. जस्त आणि कॅडमियम मुळाच्या एकाच दारातून आत शिरतात, म्हणून जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत जस्त दिलं की कॅडमियमचं शोषण घटतं. सल्ला खरा आहे, पण जमीन वेगळी. जस्ताची कमतरता ०.६ च्या खाली धरतात, तुमच्याकडे ९.६ आहे. इथे जस्त हा स्वतःच त्रासाचा एक भाग आहे.

ईडीटीए असलेली चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं जमिनीतून देऊ नका. ईडीटीए निकेल-तांब्याला मातीपासून सोडवून पाण्यात आणतं. ह्युमिकच्या लिटर-दोन लिटरने या पातळीवर विशेष फरक पडत नाही.

आता निदानाबद्दल. उभे फिकट पट्टे हे तृणधान्यांत निकेलच्या विषबाधेचं ओळखीचं लक्षण आहे. निकेल लोहाचा मार्ग अडवतं, म्हणून ते लोहाच्या कमतरतेसारखं दिसतं. बोथट, जाड मुळं तांब्यामुळेही होतात. पण सांडपाण्यात मीठही असतं, आणि खारपणामुळे रोप खुंटणं हे धातूंपेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतं. तुमची ईसी मातीच्या १:२.५ द्रावणातली (एक भाग माती, अडीच भाग पाणी) असणार. संपृक्त अर्कात (माती जेमतेम भिजेल एवढंच पाणी घालून काढलेल्या) ती भारी जमिनीत अंदाजे तीन-चारपट धरा, म्हणजे ३ च्या आसपास. गहू एवढं सोसतो. तरीही खात्री करून घ्या.

तीन गोष्टी हव्यात.

पहिली, तुलनेचा नमुना. ओढ्याचं पाणी कधीच न लागलेल्या, पण त्याच जातीच्या काळ्या मातीचा. दख्खनच्या काळ्या कातळापासून झालेल्या जमिनीत तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतं. एकूण आकडा बघून घाबरायचं की नाही हे शेजारच्या स्वच्छ मातीशी ताडल्याशिवाय कळत नाही. नमुना घेताना जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा घमेलं वापरू नका. लाकडी उलथणं किंवा बांबूची चीप आणि प्लॅस्टिकची पिशवी बरी. पाटाचं तोंड, मध्य आणि शेवट वेगवेगळे ठेवा, एकत्र कालवू नका. १५ ते ३० सेंमीचाही एक घ्या.

दुसरी, सहा-संयुजी क्रोमियमची वेगळी तपासणी. एकूण क्रोमियममधलं बहुतेक त्रि-संयुजी असतं, ते मातीला घट्ट धरून बसतं. सहा-संयुजी क्रोमेट अल्कधर्मी जमिनीत उलट जास्त मोकळं फिरतं आणि कोवळ्या मुळाला भाजून काढतं. म्हणजे जो सामू निकेलला आवरतो तोच क्रोमेटला सैल सोडतो. बहुतेक लोक इथेच फसतात. ओढ्याच्या पाण्याचाही नमुना द्या: धातूंसाठी एक लिटर प्लॅस्टिकच्या बाटलीत, प्रयोगशाळेकडून नायट्रिक आम्ल घालून घेऊन, सहा-संयुजी क्रोमियमसाठी दुसरी बाटली, आम्ल न घालता, बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत. पाणी एकदाच घेऊन भागत नाही, सांडपाणी कधी सोडतात त्यावर आकडे बदलतात. सकाळ, रात्र, सुट्टीचा दिवस असे वेगवेगळे घ्या.

तिसरी, घरची पेला-चाचणी. खाली भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे पेले, प्रत्येकात ३०० ग्रॅम चाळलेली माती, १० दाणे, दोन सेंमी खोल.
अ) स्वच्छ माती, स्वच्छ पाणी
आ) पाटाच्या तोंडाची माती, स्वच्छ पाणी
इ) शेवटाकडची माती, स्वच्छ पाणी
ई) तोंडाची माती, पण पेरण्याआधी तीनदा भरपूर स्वच्छ पाणी ओतून निचरा केलेली
उ) स्वच्छ माती, ओढ्याचं पाणी

पावसाचं किंवा आरओचं पाणी चालेल. प्रत्येकाचे दोन-तीन पेले करा. उगवल्यावर सातव्या दिवशी पेला पाण्यात बुडवून माती हळूच धुऊन काढा आणि प्रत्येक रोपाचं सगळ्यात लांब मूळ पट्टीने मोजा. उगवणीची टक्केवारी बघू नका, तिच्यावरून धातू कळत नाहीत: दाण्याचं टरफल आणि आतला साठा त्या दिवसांत रोपाला सांभाळून घेतो. मुळाची लांबी खरं बोलते. निचरा केलेल्या पेल्यात मूळ एकदम सुधारलं तर त्रास क्षारांचा किंवा क्रोमेटचा, कारण दोन्ही पाण्याबरोबर वाहून जातात. सुधारलं नाही तर निकेल-तांबं-जस्त.

ओढाकाठ

सविस्तर उत्तराबद्दल आभार. चाचणी केली. मुळांची सरासरी: अ) १३ सेंमी, आ) ५, इ) १०, ई) ६, उ) ९.

विहिरीवरच्या स्वच्छ पट्ट्याचा अहवाल: डीटीपीए निकेल ०.७, जस्त ०.९, तांबं ३.२, एकूण क्रोमियम १६०. तोंडाच्या मातीत सहा-संयुजी क्रोमियम ३. ओढ्याच्या पाण्यात निकेल एकदा ०.२, एकदा ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. १५ ते ३० सेंमीच्या थरात डीटीपीए निकेल १.९.

मृदापरीक्षक

आता चित्र स्वच्छ आहे. २१० पैकी बहुतांश क्रोमियम कातळातलंच. निचरा करून मूळ ५ वरून ६ झालं, म्हणजे क्षार आणि क्रोमेट यांचा वाटा लहान. मुख्य दोषी निकेल, सोबत तांबं-जस्त, आणि ते वरच्या १५ सेंमीत बसलंय. सगळ्यात महत्त्वाचा पेला मात्र शेवटचा आहे. स्वच्छ मातीतही ओढ्याच्या पाण्याने मूळ एक तृतीयांश आखडलं. म्हणजे आजचं पाणीच विषारी आहे, जुनी साठवण ही दुसरी गोष्ट.

हिशेब बघा. एका पाळीला ६ सेंमी पाणी म्हणजे एकराला २.४ लाख लिटर, सहा पाळ्यांचे साडेचौदा लाख लिटर. निकेल ०.५ असेल तर हंगामाला एकरी सुमारे ७०० ग्रॅम निकेल शेतात येतं. वरच्या १५ सेंमी मातीचं वजन एकरी ८ लाख किलोच्या आसपास, म्हणजे दर हंगामाला किलोमागे ०.९ मिलिग्रॅमची भर. सिंचनाच्या पाण्यात निकेल ०.२ च्या वर नसावं असं अन्न व कृषी संघटनेचं मार्गदर्शन आहे. हे चालू असताना मातीत काहीही मिसळलं तरी ते भोक असलेल्या हौदात पाणी भरण्यासारखं होईल.

त्यामुळे पाण्यापासून सुरुवात. या पाण्यातला धातू बऱ्याच अंशी गाळाला चिकटून येतो, तुमच्या पाटाच्या तोंडाचीच अवस्था त्याची साक्ष आहे. उपसा थेट पाटात न सोडता आधी प्लॅस्टिक अंथरलेल्या खड्ड्यात सोडा, रात्रभर निवळू द्या, सकाळी वरचं पाणी वापरा. फुटव्हॉल्व्ह तळापासून हातभर वर ठेवा. विरघळलेलं निकेल याने जात नाही, पण गाळाचा मारा थांबतो. तोंडाच्या साऱ्यांवर साचलेला दोन-तीन सेंमीचा बारीक करडा थर सुकल्यावर खरवडून काढा. तो बांधावर टाकू नका, पहिल्या पावसात परत शेतात येतो. आणि भरावासाठी कोणाला देऊही नका. प्लॅस्टिकवर रचून, वरून झाकून, विहिरीपासून लांब ठेवा. पाण्याचे अहवाल जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा, तारीख-वेळेसह. नमुने वेगवेगळ्या वेळचे असणं तिथेही उपयोगी पडतं.

क्रोमेट ३ म्हणजे थोडं आहे, पण स्वस्तात निपटतं. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, क्रोमेटला त्रि-संयुजी करून बसवतं. रसायनाच्या हिशेबाने एक किलो सहा-संयुजी क्रोमियमला १६ किलो हिराकस लागतं. तुमच्या तोंडाच्या पट्ट्यात किलोला ३ मिलिग्रॅम, म्हणजे एकरी २.४ किलो, त्याला जवळपास ४० किलो. चुनखडीच्या जमिनीत हिराकस हवेने लगेच गंजून फुकट जातं, म्हणून अडीचपट धरा: एकरी १०० किलो, फक्त बाधित साऱ्यांत, त्या प्रमाणात. ते नुसतं फेकू नका. चांगल्या कुजलेल्या ओलसर शेणखतात कालवून पसरा, कुळवाने १० सेंमीत मिसळा, स्वच्छ पाण्याने ओलवून पेरणीआधी तीन आठवडे ओल टिकवा. खरं काम शेणखतच करतं, हिराकस त्याला धक्का देतं.

खालच्या थरात निकेल १.९ आहे हे चांगलं लक्षण आहे. पाणी सुधारल्यावर एकदाच पलटी नांगराने ३० सेंमी उलथापालथ केली तर वरचं प्रमाण उतरेल. पाणी सुधारण्याआधी केलीत तर खालचा चांगला थरही हातचा जाईल. आणि खाली मुरूम किंवा चुनखडीचा थर असेल तर हा नाद सोडा.

बीजांकुर

मृदापरीक्षकांशी सहमत. मी रोपाच्या बाजूने सांगतो, कारण प्रश्न पहिल्या तीन आठवड्यांचा आहे.

गव्हाचं रोप दहा-बारा दिवस दाण्यातल्या साठ्यावर जगतं, म्हणून तोवर काही दिसत नाही. या काळात बीजमुळं खाली जातात. ती १५ सेंमीच्या खाली पोचली तर तुमच्याकडे त्यांना बरी माती मिळते. पुढे १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, आणि ती फुटतात जमिनीच्या वरच्या दोन-तीन सेंमीत, म्हणजे नेमकी सगळ्यात विषारी थरात. फुटवे किती येणार हे यांच्यावर ठरतं. बहुतेक शेतकरी नेमकी याच वेळी पाळी देतात, ओढ्याच्या पाण्याची. कोवळ्या मुकुटमुळाचं टोक सर्वांत नाजूक असतं, त्याला ताजं निकेल मिळालं की ते तिथेच संपतं.

तुमच्या विहिरीचं पाणी दोन-तीन पाळ्यांना पुरतं ना? ते शेवटी दाणा भरताना वापरायचा मोह होतो. माझा ठाम सल्ला आहे की पहिलं ओलवणीचं पाणी आणि मुकुटमुळांची पाळी विहिरीची द्या. तिसरी उरली तर फुटव्यांच्या वेळी, ४० दिवसांच्या आसपास. ओढ्याचं निवळलेलं पाणी कांडी धरल्यानंतर.

दुसरं, बियाण्याभोवती स्वच्छ पट्टी तयार करा. अख्ख्या शेताला खत मिसळून जमीन बदलत नाही, पण रोपाची पहिली गरज तीन सेंमी रुंद आणि पाच सेंमी खोल एवढ्याच पट्टीची असते. २२.५ सेंमीच्या ओळींनी पेरलं तर एकरात १८,००० मीटर ओळ होते. एक टन चांगलं कंपोस्ट किंवा गांडूळखत ओळीतून दिलं तर मीटरला ५५ ग्रॅम पडतं. मीटरभर पट्टीत माती दोन किलो, म्हणजे पावणेतीन टक्के मिसळ. तेच एक टन शेतभर पसरलं तर जेमतेम सव्वा दशांश (०.१२५) टक्का. फरक वीस-पंचवीसपटीचा आहे. दोन चाड्यांची पाभर असेल तर एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून चाळलेलं, कोरडं, भुरभुरीत कंपोस्ट. ओलसर असेल तर नळ्यात अडकतं आणि ओळ मोकळी जाते. एक दिवस उन्हात पसरून तीन मिमीच्या चाळणीतून काढा. एका फेरीत पूर्ण एक टन पडणार नाही, दोनदा पाभर चालवावी लागेल: आधी खताची, मग त्याच काकऱ्यांतून बियाण्याची.

शहरी कंपोस्ट घेणार असाल तर त्याचाच अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे निकेल ५०, क्रोमियम ५०, तांबं ३००, जस्त १०००, शिसं १००, कॅडमियम ५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. आधीच भरलेल्या जमिनीत मी मर्यादेच्या निम्म्याच्या वरचं खत घालणार नाही. घरचं शेणखत उत्तम, पण जनावरं याच शेताच्या कडब्यावर असतील तर तेही तपासा.

पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा) मिळाला तर कंपोस्टमध्ये एकास चार या प्रमाणात मिसळून दोन-तीन आठवडे ओला मुरवत ठेवा, मग ओळीत द्या. कोरा बायोचार थेट देऊ नये. तो नत्र ओढून घेतो, शिवाय स्वतः अल्कधर्मी असतो.

आता बीजप्रक्रिया. सॅलिसिलिक आम्लात बी भिजवल्याने रोपाची स्वतःची संरक्षण यंत्रणा लवकर जागी होते, याचे प्रयोगशाळेतले आणि कुंडीतले निकाल चांगले आहेत. शेतात परिणाम त्याहून कमी धरा. साध्या स्वच्छ पाण्यात भिजवण्यानेही बराच फायदा होतो, कारण रोप दोन दिवस आधी उभं राहतं आणि बीजमुळं लवकर खाली जातात.

कृती: एकरी ५० किलो बियाणं (नेहमीच्या ४० ऐवजी, कारण काही रोपं जाणारच). ५० लिटर स्वच्छ पाणी. सॅलिसिलिक आम्ल लिटरला ७० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ३.५ ग्रॅम. थंड पाण्यात ते तरंगत राहतं, आधी एक लिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, मग बाकी पाण्यात ओता. पिंप प्लॅस्टिकचं घ्या. लोखंडाशी ते जांभळट रंग धरतं आणि मात्रा बिघडते. दुप्पट टाकलं तर दुप्पट फायदा होत नाही, उगवण दबते. ॲस्पिरिनच्या गोळ्या वापरू नका, तो वेगळा पदार्थ आहे.

भिजवायचं १० ते १२ तास, जास्त नाही. बारा तासांपुढे काही दाण्यांचे कोंब फुटायला लागतात आणि पाभरीत मोडतात. काढून सावलीत ताडपत्रीवर पातळ पसरा, दाणे एकमेकांना न चिकटता बोटांतून सुटे पडले की तयार. मग थायरम किलोला ३ ग्रॅम, आणि पेरणीच्या आधी ॲझोटोबॅक्टर १० किलोला २५० ग्रॅम. पेरणी त्याच दिवशी, चांगल्या वापशावर. कोरड्यात पेरलं तर भिजवलेलं बी मरतं. वापसा नसेल तर भिजवूच नका.

वेळेची मर्यादा पिकागणिक वेगळी: ज्वारी आठ-दहा तास, मका सोळा-अठरा तास चालतो.

पानांवर पट्टे दिसलेच तर हिराकस लिटरला ५ ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल १ ग्रॅम, संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी परत. द्रावण ताजं असावं. तांबूस झालं की टाकून द्या. ही फवारणी निकेल काढत नाही, पण लोह मिळाल्याने पान हिरवं राहतं आणि मुकुटमुळं येईपर्यंत रोप टिकतं.

सिलिकॉनबद्दल विचारलंत. भाताला ते फार उपयोगी, गव्हालाही बऱ्यापैकी. भंडारा-गोंदियाकडे भातगिरण्यांत तुसाची राख मिळते. करडी-काळी राख घ्या. फार तापून पांढरी झालेली राख सहज विरघळत नाही. कंपोस्टच्या त्याच ओळीत मीटरला १० ते १५ ग्रॅम मिसळता येईल. पण खर्चाची निवड करायची तर आधी पाणी, मग कंपोस्टची ओळ, आणि उरलेच पैसे तर राख.

कोकणकडा

मध्येच विचारतो. आमच्याकडे भात आहे आणि जमीन जांभ्याची, सामू ५.४. हेच सगळं लागू होईल का?

भातखाचर

नाही, जवळजवळ सगळं उलटं होतं. तुमच्या सामूला चुना लागतो. एकरी चार-पाच क्विंटलपासून सुरुवात करा, पेरणीआधी महिनाभर, आणि सामू ६.५ च्या वर नेऊ नका, नाहीतर जस्त कमी पडतं. जस्त तपासून ०.६ च्या खाली असेल तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट द्यायलाच हवं.

भातात पाणी साठवलं की हवा जाते आणि धातूंचं वागणं बदलतं. कॅडमियम पाण्याखाली बसून राहतं, खाचर सुकवलं की मोकळं होतं. पोटरी ते दाणा भरेपर्यंत पाणी धरून ठेवलं तर दाण्यात कॅडमियम कमी जातं. आर्सेनिकचं नेमकं उलटं, ते साठलेल्या पाण्यात सुटतं. पश्चिम बंगालकडच्या कूपनलिकांच्या पट्ट्यात तीच अडचण आहे. म्हणून कोणता धातू हे कळल्याशिवाय पाण्याचं वेळापत्रक ठरवू नका.

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागात खाणीवरचा तांबडा गाळ पावसाबरोबर खाचरात उतरतो. तिथे लोहाचा अतिरेक होतो: खालच्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके पसरत जातात, मुळांवर तांबूस लेप चढतो, पाण्यावर तेलकट दिसणारी तांबडी साय. त्याला उपाय असा. रोपवाटिका खाचरात न करता गाळाचं पाणी न पोचणाऱ्या उंच वाफ्यावर, स्वच्छ मातीत. चिखलणी करून खाचर दोन आठवडे पाण्याखाली ठेवा आणि मग लावणी करा. पाणी भरल्यानंतर पाण्यातलं लोह आधी चढतं, शिखर गाठतं आणि उतरतं. कोवळं रोप त्या शिखराच्या वेळी खाचरात नसलेलं बरं. रोप २५ दिवसांचं, दणकट. पालाश कमी असेल तर हा त्रास दुप्पट दिसतो, तेव्हा पालाश चुकवू नका. ठिपके वाढलेच तर चार-पाच दिवस पाणी काढून खाचराला हवा द्या, आणि वरच्या बाजूने गाळ अडवायला आडवा चर खणा.

नाचणीलाही रोपवाटिकेचा फायदा मिळतो. गव्हाला लावणी परवडत नाही, पण मका गाव-शिवारात थोडाच असेल तर कोकोपीटच्या ट्रेमध्ये १२ दिवस वाढवून लावता येतो. मुळं ट्रेच्या तळाशी गोल फिरायच्या आत लावा.

ओढाकाठ

तिसरा प्रश्न राहिला. रोप जगलं, पीक आलं, तर दाणा खावा का? आणि गव्हाचं काड गुरांना घालतो.

धान्यतपास

रोप हिरवं दिसणं आणि दाणा निर्धोक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वरच्या सगळ्या उपायांनी पहिली साधते, दुसरी आपोआप साधत नाही. उलट मरतुकडं पीक बाजारात जात नाही, जोमदार जातं. म्हणून कापणीला दाण्याचा नमुना द्याच. शेताच्या तोंडाचा आणि शेवटाचा वेगळा, अर्धा किलो, खळ्यात मातीला न लागलेला, ओंब्या हाताने चोळून काढलेला. मळणीयंत्रातून आलेल्या नमुन्यात धूळ असते आणि शिसं-क्रोमियमचा आकडा धुळीनेच फुगतो.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाप्रमाणे गव्हात कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.२ मिलिग्रॅम प्रति किलोच्या वर नको. तुमच्या मातीत कॅडमियम फार नाही, तरी तपासा. बन्सी गहू पेरायचा विचार असेल तर या शेतात नको. तो साध्या गव्हापेक्षा दाण्यात कॅडमियम जास्त ओढतो. तांबं मुळातच अडकून राहतं, निकेल मात्र दाण्यापर्यंत बऱ्यापैकी चढतं, म्हणून चाचणीत त्याचं नाव लिहून मागा. नेहमीच्या यादीत ते नसतं. आकडा आला की विहिरीवरच्या गव्हाच्या आकड्याशी ताडा.

पाटाच्या तोंडाचे आठ-दहा सारे यंदा खाण्याच्या पिकाखाली ठेवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे झेंडू घ्या, किंवा खरिपात कापूस. पालेभाज्या तर अजिबात नकोत, पानांत धातू दाण्यापेक्षा किती तरी जास्त साठतात. मेथी-पालक घरापुरतीच म्हणून पाटाच्या कडेला लावायची सवय असते, आणि ती जागा शेतातली सगळ्यात वाईट जागा आहे.

काडाबद्दल. दाण्यापेक्षा काडात आणि पानांत धातू जास्त असतात, शिवाय वर गाळाची धूळ. शेवटाकडच्या साऱ्यांचं काड, जमिनीपासून वीतभर वर कापलेलं, अहवाल बरा आला तर दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्या. तोंडाकडचं काड गुरांना नको, गोठ्यात अंथरायलाही नको, कारण ते शेणखतातून परत याच शेतात येईल. जाळूही नका, राखेत धातू तसेच राहतात. ते वेगळं रचून ठेवा, आणि तोंडाच्या साऱ्यांत झेंडू लावलात तर तिथेच ओळींमध्ये आच्छादन म्हणून वापरा, म्हणजे निदान स्वच्छ जमिनीत जाणार नाही.